तळ्यात उतरलेलं विमान

त्या सकाळी आमच्या लिंबोणीच्या बागेत सहाशे चाळीस झाडं होती: बत्तीस ओळी, एका ओळीत वीस. प्रत्येक झाडाला ठिबकच्या दोन तोट्या, म्हणजे एकूण एक हजार दोनशे ऐंशी. त्यांतल्या त्रेसष्ट तोट्या आदल्या दिवशी तुंबलेल्या सापडल्या होत्या आणि साडेआठपर्यंत आम्ही एकोणतीस मोकळ्या केल्या होत्या. माणसं चार: आई, बाबा, मामा आणि मी. गोठ्यात दोन गाई. बागेच्या वरच्या अंगाला शेततळं, त्यात दोन मीटर दहा सेंटिमीटर पाणी. तारेच्या कुंपणापलीकडे विमान शिकवणाऱ्या शाळेची धावपट्टी. तिच्यावरून सकाळपासून पाच विमानं उडाली होती.

तोटी तुंबली की आत पांढरा क्षार बसलेला असतो. मामा सुईने टोचायचा. आई तोटी ओठांत धरून फुंकायची. क्षाराने तिच्या खालच्या ओठाला चीर पडली होती आणि ती मधूनमधून पदराने टिपायची.

"ताई, तोटी फुंकतेस की बासरी?" मामा म्हणाला.

"माझी बासरी दोन महिने वाजते. तू टोचलेली दुपारी परत मुकी होते."

"मग मला घरी पाठव. झोपतो."

"झोपायला घरी कशाला जायला पाहिजे तुला? उभ्यानं झोपतोस की."

बाबा हसले नाहीत. पाणी कमी असलं की ते सहसा हसत नसत. झाडं दोन वर्षांची होती, कमरेएवढी. उडून जाणारं धरून झाडामागे रोज पंचवीस लिटर लागायचं, बागेला सोळा हजार. तळ्यात बारा लाख एकतीस हजार लिटर होतं. सत्त्याहत्तर दिवस पुरलं असतं, आणि पाऊस साधारण तेवढाच लांब होता. हा हिशेब घरात सगळ्यांना पाठ होता. कोणी हात धुताना जास्त पाणी सांडलं तर आई नुसतं "सत्त्याहत्तर" म्हणायची.

तळं आम्ही घरच्या घरी केलं होतं. निम्मं जमिनीत खोदलेलं, निम्मं चारी बाजूंनी मातीचा भराव घालून उंचावलेलं, आणि आतून सगळीकडे जाड काळं प्लॅस्टिक. त्याला आम्ही कागद म्हणतो. ओला कागद साबणासारखा निसरडा असतो. पहिल्याच महिन्यात कोणाचा तरी कुत्रा तळ्यात पडला होता. त्याला पोहता येत होतं, वर चढता आलं नाही. तेव्हापासून आईचा नियम होता की कमरेला दोर बांधल्याशिवाय कोणी तळ्यात उतरायचं नाही. चारी काठांना गाठी मारलेले दोर आणि जुने टायर सोडलेले होते.

भराव घालताना खालच्या कोपऱ्यात माती कमी पडली होती. तिथे बाबांनी खताच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून त्यांची भिंत रचली आणि कागद तिच्यावरून घेतला. "तात्पुरतं आहे," ते म्हणाले होते. दोन वर्षं झाली. आई पाहुण्यांना तळं दाखवायला नेऊन त्या कोपऱ्यापाशी थांबायची आणि म्हणायची, "आणि हे ह्यांचं तात्पुरतं."

पाण्यावर अझोला होता. ही माझी भर. कॉलेजातून बादलीभर आणला आणि सोडला. ही बारीक पानांची तरंगती वनस्पती आहे, गाई आवडीने खातात आणि ती पाणी झाकून धरते. एक झाकलेला आणि एक उघडा असे दोन ट्रे मी तीस दिवस उन्हात ठेवून मोजले होते. उघड्यातून दिवसाला आठ मिलिमीटर जायचं, झाकलेल्यातून पाच. आई आधी म्हणाली, "एवढं शिकून शेवाळ आणलंस?" मग महिनाभराने तीच लोकांना सांगू लागली, "शेवाळ काय म्हणता, झाकण आहे ते." तीन महिन्यांत अझोल्याने काठापासून काठापर्यंत पाणी भरून टाकलं. पाणी असं दिसतच नव्हतं. एकसारखा, दाट हिरवा चौकोन. आम्ही तो नेहमी काठावरून पाहिला होता. वरून कोणी पाहिला नव्हता.

आठ वाजून एकावन्न मिनिटांनी सहावं विमान उडालं. विमान उडताना आम्ही वर बघत नसू. आई मात्र डीझेल इंजिनावर वाढलेली बाई. लहानपणी तिच्याकडे विहिरीवरच्या इंजिनाची राखण असायची. तिने तोटी ओठांतून काढली.

"ठोका गाळतंय," ती म्हणाली.

"काय?"

"इंजिन. ऐक."

मला काही कळलं नाही. मग आवाज एकदा अडखळला, पुन्हा आला, पुन्हा अडखळला आणि बंद झाला. आकाशात आवाज बंद पडणं किती मोठं असतं ते त्या क्षणी कळलं. कोंबड्या बोलायच्या थांबल्यासारखं वाटलं. कुंपणावरच्या उंच झाडांच्या दुपटीहून थोडं वर विमान होतं, पांढरं, दोन माणसांचं, पंख खालच्या बाजूला. ते लटकल्यासारखं वाटलं. मग त्याने नाक खाली केलं आणि आमच्याकडे वळलं.

"आडवे व्हा!" बाबा ओरडले. आम्ही कोणीच आडवं झालो नाही.

इंजिन बंद पडल्यापासून चौदा सेकंद गेले, हे नंतर कळलं. मला एवढंच आठवतं की ते येत होतं आणि त्याचा आवाज नव्हता, फक्त वारा. जाड कापड न थांबता फाडत नेल्यासारखा. ते बाराव्या ओळीवरून आमच्या डोक्यांवरून गेलं, इतकं खालून की पोटावरचे रिव्हेट मला वेगवेगळे दिसले, तेलाचा एक ओघळ दिसला, आणि सावकाश फिरणारं एक चाक. त्याची सावली आईच्या अंगावरून गेली. इतकी मोठी वस्तू इतक्या हळुवारपणे कुठेतरी निघाली आहे असं मी कधी पाहिलं नव्हतं. भीती वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. तेव्हा मी नुसती तोंड उघडं टाकून पाहत होते.

ते थेट त्या हिरव्या चौकोनाकडे गेलं. नीट, बेताने, अंगणात गाडी लावावी तसं.

पाण्याची भिंत उठली. मग आमच्यावर अझोला बरसला. झाडांवर, मामाच्या डोक्यावर, माझ्या हातातल्या सुईवर हिरवी पानं.

आम्ही भरावावर चढलो तेव्हा विमान तळं ओलांडून समोरच्या उतारावर नाक वर करून टेकलं होतं. पंखा वाकलेला. शेपटीचा भाग पाण्यात. एवढ्यात ते सरकू लागलं. मागे, खाली, वीतभर. थांबलं. पुन्हा चार बोटं. ओल्या कागदावर त्याला धरून ठेवायला काही नव्हतं.

एक दार उघडलं आणि एक माणूस पंखावर आला. कपाळ फुटलेलं, डावा हात लोंबत होता. तो पंखावरून काठाकडे निघाला, घसरला आणि पाण्यात गेला. उतारावर हात मारू लागला. प्रत्येक वेळी परत खाली.

"टायर धरा! मास्तर, टायर!" मामाने दोर भिरकावला. शाळेच्या प्रत्येक शिकवणाऱ्याला मामा मास्तरच म्हणायचा. मास्तराने टायरात एक हात घातला आणि बाबांनी त्याला पोत्यासारखा ओढून वर घेतला.

"ती आत आहे," तो म्हणाला. "शिकणारी. पाय अडकलाय तिचा. मला निघेना." आणि मग हिरव्या पाण्याकडे बघत, "हे पाणी आहे?"

मामाने त्याला भरावावर बसवलं.

बाबा दोर घेऊन निघाले तेव्हा आईने त्यांचा दंड धरला. "तुम्ही जड. तुम्ही चढलात की ते खाली जाईल." तिने माझ्याकडे पाहिलं. माझं वजन सत्तेचाळीस किलो. तिने स्वतः माझ्या कमरेला दोर बांधला, दोनदा गाठ मारली आणि ओढून पाहिली. तिच्या ओठाच्या चिरेतून रक्त आलं होतं.

मामा आणि बाबांनी दुसरा दोर पंख्याच्या मुळाशी अडकवून मोटारीच्या खोलीच्या खांबाला बांधला. मी टायरावरून उतरून पंखावर गेले. पत्रा उन्हाने गरम होता आणि इतका पातळ की गुडघा टेकला तिथे किंचित दबला. घरची धान्याची कोठी याहून जाड आहे. याच पत्र्यावर ते माणसांना वर नेत होतं.

आत ती होती. माझ्याच वयाची. विमान नाक वर करून बसल्यामुळे ती आरामखुर्चीत रेलल्यासारखी दिसत होती, छातीपर्यंत पाण्यात. समोरचा घड्याळांचा पत्रा खाली येऊन तिच्या मांड्यांवर बसला होता आणि डावं पाऊल पायाखालच्या दांड्यात पिळून अडकलं होतं. पट्टा तिने सोडला होता. तरी तिला उठता येत नव्हतं. चेहरा पांढरा, पण आवाज शांत होता.

"किती खोल आहे?" तिने विचारलं.

"दोन मीटर दहा."

"माझी उंची एक साठ."

"उभ्यानं?"

"उभ्यानं," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. अगदी खरं हसलो. विमान त्या हसण्याने बोटभर सरकलं तेव्हा थांबलो.

मी पाण्याखाली हात घालून दांडा चाचपला. लोखंडी, अंगठ्याएवढा जाड. हलत नव्हता. खिडकीच्या काचेवर मी पाण्याच्या पातळीशी नखाने खूण केली. मिनिटाने पाहिलं तर खूण सेंटिमीटरभर बुडालेली. दोर ताणून लांबत होता, शेपटीत पाणी भरत होतं आणि विमान मागे मागे बसत होतं.

शेजारचे वेल्डरकाका धावत आले. गॅस कटर आणला होता. मास्तर काठावरून ओरडला, "आग नको! पंखात पेट्रोल आहे!"

"मग ट्रॅक्टरनं ओढू."

"ओढलंत तर पत्रा तिच्या पायावर आणखी बसेल."

"मग काय करायचं? बघत बसायचं?"

"पाणी कमी करा," मी आतून ओरडले.

बाबा मोटार चालू करायला पळाले. मी मनात हिशेब केला. आमची मोटार तासाला तीस हजार लिटर उपसते. तळ्याचं पाणी एक सेंटिमीटर उतरायला सात हजार चारशे लिटर जायला हवं. म्हणजे पंधरा मिनिटं. इकडे मिनिटाला एक चढत होतं.

"बाबा, मोटारीनं नाही होणार! पंधरा मिनिटांना एक सेंटिमीटर!"

तेव्हा मला आई दिसली. ती भरावावरून विळा घेऊन खालच्या कोपऱ्याकडे चालली होती.

"आई, कुठे?"

"तू हिशेब कर. मी फोडते."

बाबा मोटारीजवळ उभे राहिले. "अगं, खाली झाडं आहेत. पाणी गेलं तर पुढे... थोडं थांब, आगीची गाडी निघाली असेल."

"येऊ दे. तोवर गोण्या काढू."

"सत्त्याहत्तर दिवस—"

"अहो, झाडाला नाक नसतं," आई म्हणाली, आणि पहिली गोणी ओढली.

मग ते चौघं कोपऱ्यात होते आणि मला ते दिसत नव्हते. ऐकू येत होतं. गोणी पडल्याचा धप्प आवाज, मामाचं कण्हणं, वेल्डरकाकांचं "हं, हं, घे". मध्येच मामाचा आवाज: "दाजी, दोन वर्षं शिव्या खाल्ल्यात, पण तुमचं तात्पुरतं फार पक्कं आहे हो!" बाबांचं काहीतरी उत्तर. मग पुन्हा धप्प.

पाणी तिच्या गळ्याशी आलं. मग हनुवटीशी. मी तिच्या मानेखाली हात घातला आणि डोकं मागे केलं. अझोला तिच्या गालांना चिकटत होता. मी पुसायचे, पुन्हा यायचा.

"कान बुडतील आता," मी म्हणाले. "मग माझं ऐकू येणार नाही. मी कपाळावर बोटानं सांगेन. पाणी चढतंय तर एकदा. उतरतंय तर दोनदा."

"थांबलं तर?"

"तर बोट ठेवून देईन."

"खोटं सांगू नकोस हं," ती म्हणाली. "मला खोटं कळतं."

कान बुडाले. मी एकदा टिचकी दिली. थोड्या वेळाने पुन्हा एकदा. तिने ओठ मिटले आणि नाकाने श्वास घेऊ लागली, उथळ, मोजून. तिचे डोळे उघडे होते आणि वर, छताच्या काचेतून आकाशाकडे लागलेले. वीसेक मिनिटांपूर्वी ती त्यात होती. माझ्या तळव्यात तिच्या मानेची शीर उडत होती. मी तिसरी टिचकी दिली. खोटं दिलं नाही.

कोपऱ्यात आवाज थांबला. मग वेल्डरकाका मोठ्याने म्हणाले, "कागदाला पोट आलंय. बाजूला व्हा. बाई, बाजूला व्हा." आणि मामा: "ताईचा दोर धरा, दोर!" गोण्यांची भिंत निघाली होती आणि आता फक्त तो काळा कागद तळ्याला अडवून धरत होता, पुढे फुगून. आईने बाजूने हात लांब करून विळा वरून खाली ओढला. तो आवाज मी विमानात बसून ऐकला. फाटल्यासारखा आला नाही. मोठा, लांब श्वास सोडल्यासारखा आला.

मग पाणी गेलं. मला ते पत्र्यातून जाणवलं. विमान थरथरू लागलं. तळ्यावरचा सगळा अझोला, ते आख्खं हिरवं कुरण, एका अंगाने वळलं आणि कोपऱ्याकडे चालू लागलं. आधी हळू, मग वेगाने. आयुष्यात कधी न हललेली जमीन हलते आहे असं दिसत होतं. मी खूण बघायला विसरले. मग आठवलं. खिडकीतल्या एका रिव्हेटवर डोळे लावले. पाणी त्याच्या खालच्या कडेला होतं. अजून तिथेच. अजून. मी बोट तिच्या कपाळावर ठेवून दिलं. मग रिव्हेटखाली ओली काच दिसली.

मी दोनदा टिचकी दिली.

तिने डोळे मिटले. पहिल्या मिनिटात चार सेंटिमीटर गेलं. कान मोकळे झाले तेव्हा ती पहिलं वाक्य बोलली, "तुझी बोटं गार आहेत."

पुढचं सगळं सावकाश झालं. नऊ चौदाला कागद फाटला होता. आगीची गाडी कुंपणाला वळसा घालून नऊ तेवीसला आली. पाणी मांड्यांखाली उतरल्यावर वेल्डरकाका करवत घेऊन आत शिरले आणि तो लोखंडी दांडा हातानेच कापत बसले, पाणी ओतत ओतत, ठिणगी पडू नये म्हणून. "सबंध जन्म ठिणग्या पाडण्यात गेला," ते म्हणाले, "आणि आज हे." नऊ एक्केचाळीसला तिला फळीवर घालून वर काढली. पाऊल भलत्याच दिशेला वळलं होतं. आई तिच्याजवळ गेली, केसांतला अझोला काढू लागली, आणि एवढंच म्हणाली, "आईला कळवलंय का तुझ्या?"

पाणी जमिनीच्या पातळीपर्यंत उतरून थांबलं. रुग्णवाहिका गेल्यावर मी पट्टी टाकली. एक मीटर पन्नास. आठ लाख तेरा हजार लिटर उरलं होतं. चार लाख अठरा हजार गेलं होतं, बागेतून, रस्त्यावरून, खालच्या ओढ्याकडे. वाटेतली अडतीस झाडं आडवी झाली होती. आई संध्याकाळपर्यंत ती एकेक उभी करून मुळाशी माती दाबत होती. अंगावर वाळलेला चिखल तसाच.

दुसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, "उरलेल्या पाण्यावर किती ओळी निघतील?"

"एकवीस."

"आणि अकरा?"

"अकरा नाही निघणार."

बाबा म्हणाले, सगळ्यांना थोडं थोडं देऊ. आई म्हणाली, सगळी मरतील. ती खालच्या अंगाने चालत गेली आणि अकरा ओळींच्या चाव्या एकामागून एक बंद केल्या. प्रत्येक चावी बंद केल्यावर तोटीशी वाकून बघायची, गळत तर नाही ना. मामा तिच्या मागून चालत होता. त्या दिवशी तो काही गमतीचं बोलला नाही.

पाचव्या दिवशी त्या ओळींची पानं वळू लागली. जेवताना बाबा म्हणाले, "नऊ मिनिटांत गाडी आली."

आईने घास थांबवला नाही.

"मी दोष देत नाही. नुसतं म्हणतोय. गोण्या काढून तयार ठेवल्या असत्या आणि गाडीची वाट पाहिली असती. त्यांच्याकडे मोठे पंप असतात." मग माझ्याकडे वळून, "तू तिथे होतीस. पाणी नाकाशी यायला किती उरलं होतं गं तिचं?"

मी रोज मिलिमीटर मोजते. पण मला सांगता आलं नाही. हात मानेखाली होता, डोळे रिव्हेटवर. "थोडं," मी म्हणाले.

"थोडं म्हणजे?"

"माहीत नाही, बाबा."

"बोटभर? चार बोटं?"

"जेवा आता," आई म्हणाली.

त्यानंतर तो प्रश्न घरात राहिला. बाबा बंद ओळींतून जाताना पानं हातात घेऊन बघायचे. आई बघायची की ते बघताहेत.

आठव्या दिवशी क्रेन आली. चौकशीला दोघंजण आले, एक अधिकारीबाई आणि त्यांचा लिहून घेणारा मदतनीस. मास्तरही आला, हात गळ्यात. मुलीच्या पावलाची दोन ऑपरेशनं झाली होती. चालेल म्हणत होते. विमान उचलून रस्त्यावर ठेवलं तेव्हा ते फारच लहान दिसलं. मामाने पत्र्यावर टिचकी मारून पाहिली. "अरे देवा," तो म्हणाला, "हे उडायचं?"

अधिकारीबाईंनी मास्तराला विचारलं, हीच जागा का निवडली. तो म्हणाला, "वरून कुरण वाटलं. सपाट, हिरवं. आजूबाजूला सगळी झाडं. दुसरं काही दिसलंच नाही."

"ते हिरवं मी टाकलं होतं," मी म्हणाले. आवाज माझा मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "कशासाठी?"

"पाणी उडू नये म्हणून. दिवसाला तीन मिलिमीटर वाचायचं."

मदतनिसाने लिहून घेतलं.

"आणि खरंच कुरण असतं तर?" आईने विचारलं. "कोरडं? तर बरं झालं असतं का वाईट?"

"जे झालं नाही ते मला मोजता येत नाही," बाई म्हणाल्या. "जे झालं ते मोजते."

तेव्हा बाबा पुढे आले. टोपी काढून हातात घेतली. "बाई, मग एक विचारू? तळं फोडलं नसतं, अजून थोडं थांबलो असतो, तर चाललं असतं का?"

"तेही सांगता येणार नाही." त्या विमानाच्या खिडकीशी वाकल्या. "किती उरलं होतं, हे मात्र बहुतेक सांगता येईल. इकडे या."

काचेला आतून एक बारीक तपकिरी रेघ होती, तिरकी. पाणी चढायचं थांबून उतरू लागण्याआधी क्षणभर जिथे स्थिर होतं तिथली. त्यांनी क्रेनवाल्याला विमानाचं नाक थोडं थोडं उचलायला सांगितलं आणि गवंड्याची असते तशी पाणसळ रेघेवर धरली. "अजून. अजून. बास." रेघ आडवी झाली. आठ दिवसांपूर्वी विमान जसं रेललं होतं तसंच आता रस्त्यावर रेललं होतं.

"मुलीचं माप रुग्णालयातून आणलंय. तुमचं घेते," त्या मला म्हणाल्या आणि मला पेटीवर ताठ बसवून बैठकीपासून नाकापर्यंत मोजलं. मी तिच्याहून थोडी उंच भरले. मग मी आत शिरले. त्याच जागी बसले. वाकलेला पत्रा मांड्यांवर आला. मान मागे टाकली, तिने टाकली होती तितकी. वर काच, काचेत आकाश. बाईंनी रेघेपासून माझ्या नाकाखाली दोरा ताणून धरला, त्यावर स्टीलची पट्टी उभी केली आणि बराच वेळ डोळा लावून बघत राहिल्या. दाराशी आई होती, तिच्या खांद्यामागे बाबा.

"अकरा," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या उंचीचे चार वजा करा."

मदतनिसाने वजाबाकी केली, खाली रेघ मारली आणि वाचून दाखवलं.

"सात मिलिमीटर."